पक्क्या शिवलेल्या शेपट्या

आमच्या वरच्या दोन खोल्यांत नवं बिऱ्हाड आलं, तेव्हा त्या घरात एक मूल आहे हे मला कितीतरी दिवस कळलंच नाही. मी बरोबर खाली राहते आणि आमचं छत असं की वर कुणाच्या हातून चमचा पडला तर तो कुठल्या खोलीत पडला ते सांगता येतं. आधीच्या भाडेकरूंशी माझी त्यावरून कडाक्याची भांडणं झालेली. एकदा तर झाडूच्या दांड्यानं छत ठोकताना पोपडा निघाला तो माझ्याच डोळ्यात. नव्या बिऱ्हाडातून मात्र बाईची लगबग ऐकू यायची, पुरुषाचं खोकणं यायचं, शिलाई मशीनची घरघर यायची, आणि बस्स. मी मनात म्हटलं, चला, नवराबायको दोघंच दिसतात.

मग एक दिवस जिन्यात ती मुलगी भेटली. वय आठ, पण अंगापिंडानं अकरा-बारा वर्षांच्या पोरीसारखी. रुंद खांदे, जाड मनगटं. शाळेचे बूट हातात धरून ती मोज्यांवर जिना चढत होती, आणि तेसुद्धा भिंतीला चिकटून, जणू जिना दुसऱ्या कुणाच्या मालकीचा आहे. मी विचारलं, बूट का गं काढलेस? तर म्हणाली, "खाली आवाज जातो."

"सगळ्यांचाच जातो की."

"माझा जास्त जातो," ती म्हणाली आणि चवड्यांवर वर निघून गेली.

मी त्या पायरीवर उभीच राहिले. मला राग पटकन येतो हे आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी कुणावर चिडायचं तेच कळेना. एवढ्याशा पोरीकडून स्वतःचं वजन असं बिनचूक पाठ करून घेणारं कोण होतं, ते मला शोधायचं होतं.

तिची आई कापडाच्या एका मोठ्या दुकानात जिन्याखालच्या कोनाड्यात बसते. पँटची लांबी कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, बॅगेचा तुटलेला पट्टा लावणं, अशी कामं. डोक्यावर एक बल्ब, समोर मशीन, मागे हँगरला टांगलेले लोकांचे कपडे. उभं राहायला जागा नाही, म्हणून ती दिवसभर बसून असते आणि संध्याकाळी चालताना पहिली काही पावलं वाकूनच टाकते. दुकानात तिला शिवणताई म्हणतात, मीही तेच म्हणू लागले. बाई कामाला चोख आणि त्याचा तोरा पुरेपूर. माझा टाका सुटत नाही, हे वाक्य तिच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकलंय की तिच्या घराच्या दारावर पाटी म्हणून लावलं तरी चालेल. एखादं गिऱ्हाईक शिलाई ओढून बघायला लागलं की ती हात बांधून म्हणते, ओढा, अजून ओढा, घरच्यांनाही बोलवा.

नवरा शीतगृहात खोके चढवतो-उतरवतो. उन्हाळ्यातही दोन स्वेटर घालून कामाला निघतो, त्यामुळे रस्त्यावरची पोरं त्याच्याकडे वळून बघतात. माणूस कमी बोलतो, पण जे बोलतो त्यावर समोरचा घरी जाऊन हसतो.

हळूहळू चहाच्या निमित्तानं कळलं. आधीच्या शाळेत पोरीचं नाव पडलं होतं रोडरोलर. बाक करकरला की वर्ग हसायचा. लंगडीत तिला कुणी घ्यायचं नाही, आणि वर्गाच्या फोटोत बाई तिला मागच्या रांगेत, मुलांच्याही पलीकडे उभं करायच्या. शिवणताई शाळेत जाऊन भांडली. बाईंनी सांगितलं की मुलं गमतीनं म्हणतात, तुम्हीच तिच्या खाण्याकडे लक्ष द्या. तिथल्या तिथे शिवणताईनं पोरीचं दप्तर उचललं आणि शाळेतून नाव काढलं. नंतर ते गावच सोडलं. त्याआधीचं एक गावही तिनं असंच कुणाच्या तरी बोलण्यावरून सोडलं होतं. लोकांनी हाकलायच्या आत आपण उठायचं, ही तिची रीत. मला ती रीत समजते. तिचा त्रास इतकाच की पोरीचं कुठेच काही रुजत नाही.

मीच त्यांना मैदानाचं सांगितलं. गोदामांच्या पलीकडे एक मैदान आहे, तिथे गाड्या लावायला जागा करायची ठरत होती. आम्ही गल्लीतल्या बाया आडव्या पडलो म्हणून ते शिल्लक आहे. तिथे रग्बीचा एक क्लब चालतो, लहान मुलामुलींचा. अंड्यासारखा चेंडू, घेऊन पळायचं पुढे पण फेकायचा मागे, असा तो उफराटा खेळ. मला खेळातलं काही कळत नाही, पण तिथे बारीक पोरंही असतात आणि थोराडही, आणि कुणी कुणाला वरपासून खालपर्यंत न्याहाळत नाही, एवढं मी बाकावर बसून पाहिलं होतं.

शिवणताई म्हणाली, तिथे तर आपटतात म्हणे. मी म्हटलं, मोठी पोरं आपटतात, छोट्यांनी एकमेकांना धरायचं नाही, असा नियमच आहे. तिचा विश्वास बसला नाही. नवरा स्वेटर काढता काढता म्हणाला, "जाऊन तर बघू. नाही आवडलं तर तू भांड, आपण निघू."

असे ते तिघं एका शनिवारी सकाळी माझ्या मागून मैदानावर आले. पोरगी बापाच्या पाठीआड. तिथला प्रशिक्षक धंद्यानं नळ दुरुस्त करणारा. गळ्यात सदा शिट्टी, म्हणून पोरं त्याला शिट्टीकाका म्हणतात. तो पोरीपुढे उकिडवा बसला. किती खातेस, कितवीत आहेस, असलं काही नाही. कुठल्या पायानं लाथ मारतेस, एवढंच विचारलं. पोरीनं खाली वाकून आपले दोन्ही पाय नीट पाहिले, जणू आजवर त्यांच्याबद्दल कुणी चौकशीच केली नव्हती. मग उजवा पुढे केला.

त्यानं तिच्या कमरेला एक पट्टा बांधला. पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना रंगीत कापडाची एकेक पट्टी लोंबत होती. पोरं त्यांना शेपट्या म्हणतात. छोट्यांचा सगळा खेळ त्या शेपट्यांवर. ज्याच्या हातात चेंडू त्याची शेपटी समोरच्यानं खस्सकन उपटायची. उपटली की पळणाऱ्यानं थांबून चेंडू मागे द्यायचा. म्हणून त्या वेल्क्रोनं, म्हणजे चरर आवाज करत सुटणाऱ्या त्या खरखरीत पट्टीनं नुसत्या चिकटवलेल्या असतात. शिट्टीकाकानं हे मुलांना समजावलं, बापानंही लक्ष देऊन ऐकलं. आई मात्र पलीकडे बघत होती. तिथे मोठ्या पोरांचा सराव चालला होता आणि ती एकमेकांच्या पायांना मिठ्या घालून धपाधप पडत होती. दर धपक्याला शिवणताई माझा दंड आवळायची. छोट्यांकडे तिनं अधूनमधून नजर टाकली, तेव्हा तिला दिसलं ते एवढंच की पोरं पळतात, शेपट्या गळून गवतात पडतात, आणि शिट्टीकाका बिचारा वाकून वाकून त्या गोळा करतो.

सराव संपल्यावर दाताच्या डॉक्टरांकडे मदतनीस असलेली एक बाई आली. तिचा पोरगा त्याच संघात. तिनं शिवणताईच्या हातात एक चिखलट पिशवी दिली आणि क्लबची पद्धत सांगितली. नवं घर आलं की पट्ट्यांची पिशवी त्या घरी धुवायला जाते. पुढच्या शनिवारी परत आणायची. सगळ्यांनी हे केलंय, बाई म्हणाली, आमच्याकडे तर कुत्र्यानं एक पट्टा खाल्ला होता.

शिवणताईचा चेहरा उजळला. फुकट कुठे बसायचं म्हटलं की तिला काटे टोचतात. काम मिळालं म्हणजे जागा मिळाली, असा तिचा हिशोब. पिशवी तिनं छातीशी धरून घरी आणली. वाटेत पोरगी एकच वाक्य बोलली, तेही मला: "तिथे कुणी काही म्हणालं नाही." पण जिना मात्र तिनं मोज्यांवरच चढला.

तो आठवडाभर वरून मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं दुकानातलं काम घरी आणलं असेल.

झालं होतं ते असं. शिवणताईनं पट्टे धुतले, वाळवले आणि पाहिलं तर वेल्क्रोमध्ये गवत आणि धागे अडकून ते पार मेलेलं. शेपटी धरून जरा ओढली की सुटतेय. तिच्या कोनाड्यात लोक अशीच बॅगा-जाकिटं घेऊन येतात, ताई हे चिकटत नाही, पक्कं शिवून द्या म्हणून. तिला वाटलं, या भल्या लोकांना कुणी शिवणारं मिळालेलं नाही, म्हणून तो नळवाला जन्मभर शेपट्या वेचत बसलाय. सकाळी नवरा कामावर, पोरगी शाळेत, आणि दुकान उघडायला अवकाश. तिनं जाड दोरा भरला आणि एकूण एक शेपटी पट्ट्यावर शिवून टाकली. साधी नाही, बॅगेच्या पट्ट्याला घालतात तशी: चौकोन, आणि चौकोनाच्या आत फुली. मग प्रत्येक शेपटी स्वतः ओढून पाहिली. पट्टे गुंडाळून, पिशवीला गाठ मारून तयार. कुणाला सांगितलं नाही. मैदानावर गेल्यावर लोकांना आपोआप कळेल आणि कुणीतरी विचारील की हे कुणी केलं, याची तिला मनातून हौस होती.

शनिवारी बाहेरचा संघ खेळायला आलेला. दातवाल्या बाईनं घाईघाईत पिशवी सोडली, पोरांच्या कमरांना पट्टे लावून क्लिपा अडकवल्या आणि शिट्टी झाली. पहिली काही मिनिटं चेंडू त्यांच्याकडेच होता. त्यांच्या शेपट्या आमची पोरं उपटत होती, सगळं ठीक चाललं होतं. मग चेंडू आमच्या पोरीच्या हातात आला.

तिनं तो पोटाशी धरला आणि पळाली. समोरच्या एका पोरानं शेपटी धरली. सुटेना. त्यानं दोन्ही हातांनी धरली. दुसऱ्या बाजूची एका मुलीनं पकडली. शिट्टीकाकानं शिकवलं होतं की शेपटी निघेपर्यंत थांबायचं नाही, म्हणून ही थांबेना. तिसरा पोरगा मदतीला आला आणि त्यानं पहिल्याचा सदरा धरला. अशी सगळी वरात घेऊन आमची पोरगी मान खाली घालून मैदान ओढत निघाली. मागची पोरं आधी ओरडत होती, नंतर त्यांना मजा यायला लागली, शेवटी ती गवतावरून घसरत हसतच चालली होती. पांढऱ्या रेघेपलीकडे जाऊन तिनं चेंडू सांगितल्याप्रमाणे नीट खाली टेकवला आणि मागे वळून पाहिलं की आता काय.

कडेला उभे होते नव्हते ते सगळे आईबाप पोट धरून हसत होते. कुणी गुडघ्यांवर हात टेकलेले, कुणी डोळे पुसतंय. मीही हसत होते. मग मी शिवणताईकडे पाहिलं आणि हसायची थांबले.

तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिला ते हसणं ओळखीचं होतं. मोठी पोरगी, मागे ओढणारी पोरं, हसणारे लोक. गाव बदललं, शाळा बदलली, हसणं तेच. ती रेघ ओलांडून सरळ मैदानात घुसली. मी मागून हाक मारली, ती तिच्या कानांपर्यंत पोचली नाही. तिनं पोरीचा हात धरला. "चल. घरी."

आणि पोरगी हलली नाही. आईनं ओढलं, पुन्हा ओढलं. त्या पोरीनं दोन्ही पाय रोवले होते. आजवर जे वजन ती सगळ्यांपासून लपवत आली ते तिनं पहिल्यांदा कामाला लावलं, आणि बॅगांचे पट्टे ओढून ओढून घट्ट झालेले ते हात तिला तसूभर सरकवू शकले नाहीत.

तेवढ्यात पाहुण्या संघाचा प्रशिक्षक तणतणत आला. ही कसली चालूगिरी, शेपट्या काय शिवून आणल्या का, असं तो शिट्टीकाकाला विचारत होता. मी तोंड उघडणारच होते, कारण आमच्या मैदानावर येऊन आम्हाला चालू म्हणायचं म्हणजे काय. पण शिट्टीकाका पोरीशेजारी वाकला आणि पट्ट्यावरचा तो चौकोन आणि फुली बोटानं चाचपून बघू लागला. नळाचं गळतं शोधावं तसं.

"हे कुणी शिवलं?" त्यानं विचारलं.

याच प्रश्नाची तिनं आठवडाभर वाट पाहिली होती. "मी," शिवणताई म्हणाली. "सगळ्या सुटत होत्या. म्हणून पक्क्या केल्या."

मग तिचा नवरा पलीकडून शांतपणे म्हणाला की बायको, त्या सुटायलाच पाहिजेत, खेळच तो आहे. आणि मैदानावर दुसरी लाट आली, पहिल्यापेक्षा मोठी. पाहुणा प्रशिक्षकसुद्धा तोंड फिरवून हसू लागला. शिवणताई उभी. पोरीचा हात अजून हातात, आणि बोटं इतकी घट्ट की मला कळलं, आता ही निघाली. आता ही पोरीला घेऊन अशी जाईल की या मैदानाच्या रस्त्यालासुद्धा परत लागणार नाही.

पोरीनं मान वर केली. तिचा चेहरा लालबुंद झाला होता आणि त्यावर मी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. तिनं आईची ओढणी खेचली.

"आई, ते मला नाही हसत. तुला हसतायत."

"मला?"

"तुलाच."

शिवणताईनं एकेका माणसाकडे पाहिलं. खरंच, पोरीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे तिच्याकडे, शिवणाऱ्या बाईकडे बघून हसत होते. "नक्की?" तिनं पोरीला विचारलं, हळूच, दोघींपुरतं. पोरीनं जोरात मान डोलावली.

शिवणताईनं इतका मोठा श्वास सोडला की तिचे कोनाड्यात बसून बसून गोल झालेले खांदे वीतभर खाली आले. "मला ना? मग हसू दे," ती म्हणाली, आणि स्वतःच हसायला लागली. सुरुवातीला नाकातून, मग सगळ्यांसारखी, पोट धरून. माझा जीव भांड्यात पडला. मी उगाचच शेजारच्या अनोळखी माणसाच्या पाठीत धपाटा घातला.

सामना थांबवून शेपट्या उसवायला बसलो. तिथे समजलं शिवणताईचं काम काय असतं ते. तिच्या पर्समध्ये ब्लेड आणि छोटी कात्री होतीच. कुणी किल्ली घेतली, कुणी नेलकटर. दातवाली बाई दात साफ करताना बसतात तशी वाकून एकेक दोरा चिमटीनं उपटत होती आणि म्हणत होती की अक्कलदाढ बरी. शिवणताई सगळ्यांमध्ये फिरत दरडावत होती: असं नाही ओढायचं, कापड फाटेल, आधी फुली कापा, मग चौकोन. पाहुणा प्रशिक्षक घड्याळ बघत उभा होता. तिनं त्याच्याही हातात एक पट्टा दिला. थोड्या वेळानं तो म्हणाला, "ताई, माफ करा, ही चालूगिरी नाही. चालू माणूस एवढी मेहनत करत नाही."

"ओढून बघा," ती म्हणाली. "अजून ओढा."

खेळ पुन्हा सुरू झाला आणि आम्ही सरळसरळ हरलो. पण एकदा आमच्या पोरीकडे चेंडू आला, ती पळाली, आणि मागून कुणीतरी तिची शेपटी उपटली. चरर. केवढा तो आवाज, मला बाकावर ऐकू आला. शिवणताईचा हात आपोआप पर्सकडे गेला आणि तिनंच तो मागे घेतला. पोरगी जागच्या जागी थांबली, मागे वळली आणि चेंडू दातवालीच्या पोराकडे फेकला. नंतर तो पोरगा पळत जाऊन पडला, ते वेगळं. पण फेकला तो मागे, बरोबर हातात.

निघताना शिवणताईनं पट्टे गोळा करून पिशवीत भरले. शिट्टीकाका पिशवी घ्यायला आला तर ती सोडेना. म्हणाली, या वेळी नुसत्या धुते, वेल्क्रोतलं गवतही सुईनं काढून देते, शब्द देते. तो म्हणाला, पिशवी नव्या घराकडे जाते. ती म्हणाली, आम्हीच ना नवे. तर तो म्हणाला, "छे. ती एकदाच मिळते. तुमचं झालं."

इतकी तोंडाळ बाई, तिनं पिशवीचा बंद मुकाट हातातून सोडला. घरी येईपर्यंत तिनं ते वाक्य नवऱ्याला दोनदा सांगितलं, तो तेव्हा तिच्या शेजारीच उभा होता तरी.

दुपारी मी चहा घेऊन बसले होते. वरच्या घरातून आधी आईचा आवाज आला, तिथून इथे पळ म्हणून. मग बापाचं काहीतरी, आणि कुणीतरी खिदळलं. मग धाड धाड धाड, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, बुटांसकट. माझ्या छताचा एक पोपडा सुटला आणि कपात पडला. झाडू कोपऱ्यातच होता.

चहा मोरीत ओतला, दुसरा केला, आणि खुर्ची जरा भिंतीकडे सरकवून बसले.